शेवंतीची कुंडी आणि पोलंडची चादर

सिंगापूरहून परत आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, "काय आणलंस?" चॉकलेटं आणली, आईसाठी घडीची छत्री आणली. आणखी एक गोष्ट आणली होती, पण ती बॅगेतून काढून दाखवता येण्यासारखी नव्हती. ते एका बाईचं नाव होतं.

मी कोल्हापूरची असले तरी शाळा इंग्रजी माध्यमाची. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात पोलंड एका ओळीत येऊन गेला होता: जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्यामुळे पोलंड म्हणजे ज्याच्यावर हल्ला झाला तो देश, एवढंच डोक्यात राहिलेलं. त्याआधी तिथे काय होतं, पुढे काय झालं, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. ते सिंगापूरमध्ये कळेल असं तर नाहीच नाही. मी गेले होते मावसबहिणीकडे, दिवाळीला, २०१८ साली. पहिलाच परदेश प्रवास.

बुओना व्हिस्टा

गौरीताई मूळची पुण्याची. आधी ती आणि निखिल जिजू वुडलँड्सला फ्लॅटमध्ये राहायचे, कारण तिकडे भाडं कमी. जिजूंचं ऑफिस बुओना व्हिस्टाला आल्यावर त्यांनी तिथल्या एका कॉन्डोत, म्हणजे सगळ्या सोयींच्या बंदिस्त सोसायटीत, घर घेतलं. खाली पोहण्याचा तलाव, तलावापलीकडे कार्यक्रमांसाठी एक हॉल, आणि सगळीकडे इतकी झाडं की उंच इमारती मध्येच कुणीतरी ठेवून दिल्यासारख्या वाटतात. नोव्हेंबरमध्ये रोज दुपारी आभाळ भरून यायचं, पाऊस धो धो पडायचा आणि चहा होईपर्यंत थांबायचा.

पहिल्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये एक गोऱ्या आजी भेटल्या. पांढरे केस, हातात काठी, सुती फ्रॉक. गौरीताईने माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं, "हीच ती. कोल्हापूरची."

आजींनी माझं मनगटच धरलं. "कोल्हापूर," त्या म्हणाल्या. उच्चार अगदी स्वच्छ, 'ल्हा'चा 'ला' झाला होता इतकंच. मग "चल चल. पाणी. दूध. केळी. नको, नको!" असं एका दमात म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी परीक्षक होते आणि त्यांना मार्क हवे होते.

अनोळखी माणसाने हात धरला की मी आत आत जाते. मी हसले आणि हात हळूच सोडवून घेतला. लिफ्ट थांबली, त्या उतरून गेल्या.

"अगं, काहीतरी बोलायचंस की," गौरीताई म्हणाली. "किती दिवस वाट बघत होत्या तुझी. हालिना नाव त्यांचं. लहानपणी पाच वर्षं तुमच्या कोल्हापूरजवळ होत्या. वळिवड्याला."

"वळिवड्याला? तिथे काय होतं?"

"मला काय विचारतेस! कोल्हापूरची तू."

सुट्टीचा दिवस

सिंगापूरमध्ये दिवाळीची सरकारी सुट्टी असते ती नरकचतुर्दशीची, कारण तिथली दिवाळी मुख्यतः तमिळ लोकांची. आपल्या लक्ष्मीपूजनाला सगळे ऑफिसला. म्हणून गौरीताईने पहाटेचं अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून सगळ्यांना दुपारी हॉकर सेंटरला जेवायला नेलं. हॉकर सेंटर म्हणजे छपराखाली खाण्याच्या गाड्यांची मोठी बाजारपेठच. नारळाच्या दुधातली तिखट शेवयांची आमटी मी घामाघूम होत खाल्ली. कोल्हापूरचं नाक राखलं म्हणायचं.

बसायला जागा शोधताना एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट दिसलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून ते उचलून मी शेजारच्या टेबलावरच्या काकांना द्यायला गेले. काका दचकले. नऊ वर्षांची इरा, माझी भाची, किंचाळलीच, "अनूमावशी, नो! पुट बॅक ला!" इंग्रजी वाक्याला शेवटी 'ला' जोडायची तिथली सवय तिला लागली होती.

"ठेव, ठेव," गौरीताई हसत म्हणाली. "जागा धरलीय कुणीतरी. पाकीट ठेवायचं आणि निवांत जेवण आणायला जायचं. इथे कुणी हात लावत नाही."

म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसं. फरक इतकाच की आपल्याकडे रुमाल टाकल्यावरही भांडावं लागतं.

संध्याकाळी इरा मला ओढत खालच्या हॉलमध्ये घेऊन गेली. पोलंडला पुन्हा स्वातंत्र्य मिळाल्याला त्या ११ नोव्हेंबरला शंभर वर्षं होत होती. त्यासाठी तिथली पोलिश मुलं पोलंडच्या हजार वर्षांचं नाटक बसवत होती. दिग्दर्शन हालिना आजींची मुलगी मार्ता करत होती. ती जवळच एका संशोधन संस्थेत काम करते. मुलं कमी पडली म्हणून शेजारपाजारची घेतली होती.

"तू कोण आहेस त्यात?" मी इराला विचारलं.

"आय ॲम ऑस्ट्रिया," ती अभिमानाने म्हणाली. "मी पोलंड फाडते."

मी मागच्या खुर्चीवर बसून तालीम बघितली आणि हजार वर्षं माझ्यासमोरून पळत गेली. पहिल्या राजाचा बाप्तिस्मा, त्यात खरंच बादलीभर पाणी. शेजारच्या लिथुआनियाच्या राजाशी लग्न करून दोन देश जोडणारी छोटी राणी. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारा विद्वान. तो मध्ये स्थिर उभा, बाकीची मुलं त्याच्याभोवती पळून चक्कर येऊन पडलेली. मग दरबार. तिथले सरदार राजा निवडून द्यायचे, आणि सभेत एकाने जरी 'मला मान्य नाही' म्हटलं तरी सगळी सभा बरखास्त. मला आमच्या अपार्टमेंटची सभा आठवली. आमचीही लिफ्ट त्याच कारणाने अजून बसलेली नाही.

पण पोलंडला ते फार महाग पडलं. भांडणात देश दुबळा होत गेला आणि रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी त्याचे तुकडे वाटून घेतले. इथे इरा आणि आणखी दोन मुलांनी एका पांढऱ्या चादरीवर रंगवलेला नकाशा ओढून खरोखरच टर्रकन फाडला.

"आता उद्याच्या तालमीला काय फाडणार?" मार्ता डोक्याला हात लावून म्हणाली.

मला शिवणकाम येतं. ते मोठ्याने सांगण्याऐवजी मी चादरीचे तुकडे उचलून फाटलेल्या कडा बघायला लागले. तिने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावलं.

मार्ताच्या स्वयंपाकघरात

फाटलेल्या कडा दुमडून मी टिचबटणं लावायची ठरवली, म्हणजे पोलंड रोज फाटेल आणि रोज जोडता येईल. त्याच टेबलावर हालिना आजी पिएरोगी करत होत्या. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजी समजा, आत बटाटा आणि पनीरासारखं चीज. त्या कडा चिमटीने दाबून बंद करत होत्या. मी सुई खाली ठेवली, हात धुतले आणि एका करंजीला, म्हणजे पिएरोगीला, आईने शिकवलेली मुरड घातली. आजींनी ती उचलून उजेडात धरली. मग सगळी परातच माझ्याकडे सरकवली.

आजींचं इंग्रजी मोडकं, माझं पोलिश शून्य. अडेल तिथे मार्ता मदत करायची. हात चालू असले की मला बोलणं सोपं जातं. त्या सांगत गेल्या, मी मुरडत गेले.

त्यांचं गाव पोलंडच्या पूर्वेला होतं. आता ते पोलंडमध्ये नाही. युद्धात सोव्हिएत सैनिकांनी त्यांना आणि त्यांच्या आईला मालगाडीत घालून सैबेरियात नेलं. वडील परत दिसले नाहीत. दोन हिवाळ्यांनंतर सुटका झाली, मग इराण, मग जहाज, आणि शेवटी कोल्हापूरजवळच्या माळावर बांधलेली कौलारू घरांची छावणी. हजारो पोलिश बायका आणि मुलं. स्वतःची शाळा, स्वतःचं चर्च. पंचगंगेत पोहणं. दारासमोर केळीवाला.

"तिथे आता काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गांधीनगर. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. आता कापडाची मोठी बाजारपेठ आहे. आमच्याकडच्या सगळ्या लग्नांची खरेदी तिथूनच होते. माझ्या सख्ख्या ताईचा शालू तिथलाच."

मी त्या पेठेत किती वेळा गेले असेन. तिथे पोलिश शाळा होती हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुठे काही विचारलं होतं!

आजी हसल्या. "लग्नाचे कपडे! चांगलं आहे. मला वाटलं होतं, गवत असेल."

मार्ताची अडचण वेगळी होती. नकाशा फाटल्यानंतर एकशेतेवीस वर्षं पोलंड नावाचा देशच नव्हता. "जे नाही ते रंगमंचावर दाखवू कसं?" ती म्हणाली. "दिवे बंद केले तर लहान मुलं रडतात."

"होता," आजी ठामपणे म्हणाल्या. "घरात होता. आया मुलांना चोरून पोलिश वाचायला शिकवायच्या. टेबलाशी बसून."

त्याच काळात एका पोलिश शास्त्रज्ञ बाईने नवं मूलद्रव्य शोधलं आणि नकाशात नसलेल्या आपल्या देशाचं नाव त्याला दिलं, हेही मला तिथेच कळलं. पोलोनियम मी शाळेत पाठ केलं होतं. कुणाच्या तरी देशाची ती धरून ठेवलेली जागा आहे, हे माहीत नव्हतं.

जागा धरणं म्हटल्यावर मला एक सुचलं. पण सगळ्यांसमोर सांगण्याचा धीर होईना, म्हणून सोबत आलेल्या इराच्या कानात सांगितलं. ती खुर्चीवर उभी राहून ओरडली, "टिश्यू पॅकेट! रिकामं टेबल, त्यावर टिश्यू पॅकेट! सीट इज टेकन!"

मार्ता एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "ही तुझी कल्पना?" तिने इराला विचारलं.

"नो ला. हिची," इराने मला दाखवून दिलं.

भाऊबीज

गौरीताईला भाऊ नाही, मलाही नाही. म्हणून आम्ही दोघी लिटल इंडियात गेलो. रस्त्यावर दिव्यांच्या कमानी, दुकानांतून मोगऱ्याचे गजरे, आणि एका फुलवालीकडे टपोऱ्या पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या. आपल्याकडे शेवंतीशिवाय दिवाळी नाही. देवाला शेवंती, वेणीत शेवंती, दाराच्या तोरणात शेवंती. आजींकडे इतकं खाल्लं होतं, रिकाम्या हाताने कसं जायचं? मी सगळ्यांत भरगच्च कुंडी निवडली. परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, एका चिनी आजीबाईंनी कुंडीकडे आणि मग माझ्याकडे फार सहानुभूतीने बघून मला बसायला जागा दिली. मला वाटलं, किती चांगले लोक आहेत.

मार्ताने दार उघडलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. मागून हालिना आजी आल्या. त्यांनी कुंडी बघितली.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मला काहीच कळेना. गौरीताईही गोंधळली. मग मार्ताने आम्हाला आत घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. पोलंडमध्ये शेवंती ही कबरीवरची फुलं. एक नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर जातो, शेवंती वाहतो, काचेतले दिवे लावतो. संध्याकाळी दफनभूमी लांबून पेटल्यासारख्या दिसतात. पण घरी, भेट म्हणून, शेवंती कुणी नेत नाही. चिनी लोकांतही तसंच, म्हणजे एमआरटीतल्या आजीबाईंची सहानुभूती त्यासाठी होती.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "सॉरी," मी म्हणाले. "आमच्याकडे ही फुलं देवाची. मी परत नेते."

"नको," आजी म्हणाल्या. अगदी मराठीत. त्यांनी कुंडी माझ्या हातातून घेतली आणि बाल्कनीत नेऊन ठेवली. तिथे लाल काचेचा एक दिवा आधीच होता, विझलेला. आठवड्यापूर्वीचा.

"फुलं तू आणलीस," त्या म्हणाल्या. "कबर इथे कुठून आणू? ती तुझ्या गावात आहे."

त्यांची आई कोल्हापुरातच गेली होती. छावणी बंद व्हायच्या आदल्या पावसाळ्यात, तापाने. शहरातल्या ख्रिश्चन दफनभूमीत पोलिश कबरींची रांग आहे, तिथे. आजी तेव्हा तेरा वर्षांच्या. त्यांना पोलंडला मावशीकडे पाठवलं. पुढची चाळीस वर्षं सोव्हिएत छायेतल्या पोलंडमध्ये सैबेरियाचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून कोल्हापूरचंही काढता आलं नाही. यंदा मुलीकडे येताना त्यांनी पुढे कोल्हापूरला जायचं ठरवलं होतं. पण सिंगापुरातच हृदयाचा त्रास झाला आणि डॉक्टर म्हणाले, आता विमान एकदाच, घरी परत जायला.

गौरीताई पटकन पुढे झाली. "आजी, आमची अनू जाईल ना! नक्की जाईल. आठवड्यात परत चाललीय. हो ना गं?"

आजी खिन्न हसल्या. "तुमच्या देशातली चार माणसं मला हो म्हणाली आहेत. सगळी चांगली माणसं. नक्की नक्की म्हणाली. मग मी फोनची वाट बघते."

खरंच आहे ते. आपल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. पुन्हा या म्हणतो, नक्की येतो म्हणतो, आणि दोघांनाही माहीत असतं. पण आजींना ते माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी हो म्हणजे हो.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कधी त्या दफनभूमीत गेले नव्हते. कबर सापडेल की नाही, कुणी आत सोडेल की नाही, दगडावरचं नाव वाचता येईल की नाही, काहीच ठाऊक नव्हतं. मी हो म्हणाले नाही. मान खाली घालून बसून राहिले.

खाली उतरताना गौरीताई चिडली. "एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? म्हातारीला तेवढंच बरं वाटलं असतं!"

"म्हणूनच नाही बोलले," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही.

अकरा नोव्हेंबर

हॉल भरला होता. पोलिश कुटुंबं, चिनी शेजारी, आमच्याकडचे दोन-तीन पुणेकर. सूर्य स्थिर राहिला, पृथ्वी चक्कर येऊन पडली. सरदारांनी सभा मोडली. मग तिघांनी नकाशा ओढला आणि टिचबटणं टपटप सुटली. शिवणी टिकल्या. मी श्वास सोडला.

रंगमंचावर रिकामं टेबल राहिलं. एका मुलीने येऊन त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं. हॉलमध्ये हशा पिकला. सिंगापुरात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. मग हालिना आजी काठी टेकत आल्या आणि त्या टेबलाशी बसल्या. मुलं भोवती जमली. त्या एकेक अक्षर म्हणत होत्या, मुलं हळू आवाजात मागून म्हणत होती. माझ्या शेजारचे चिनी काका पुढे वाकून ऐकत होते.

शेवटी तुकडे परत जोडायचे होते. रशिया आणि प्रशियाने मुकाट्याने दिले. ऑस्ट्रिया काही सोडेना. इरा आपला तुकडा छातीशी धरून उभी.

"इरा, दे!" गौरीताई पहिल्या रांगेतून दात ओठ खात म्हणाली.

"वेट ला! आजी मागू दे आधी!"

आजींनी हात पुढे केला. इराने तुकडा दिला, पण घाईत तो उलटा लागला, आणि पोलंडच्या स्वातंत्र्याची शंभर वर्षं आम्ही क्राकूव शहर डोक्यावर उभं असलेल्या नकाशासमोर साजरी केली. टाळ्या थांबेनात.

नंतर चहाच्या गर्दीत मी आजींजवळ गेले. बरीच तयारी करून गेले होते, तरी आवाज लहानच निघाला. "तुमच्या आईचं नाव मला नीट म्हणायला शिकवाल?"

"तू हो म्हणाली नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं केलंस." मग त्यांनी काठी बाजूला ठेवली. "स्टेफानिया व्रूब्लेफ्स्का. म्हण."

मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. पुन्हा. व्रूबेल म्हणजे चिमणी, हे आडनाव त्यातूनच आलंय, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा जीभ जरा सैल झाली. उरलेले दिवस मी तलावाकाठी फिरताना, भांडी पुसताना तेच म्हणत होते. इरा चिडवायची, "मावशी इज चँटिंग!"

कोल्हापूर

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी आईला घेऊन निघाले. महाद्वार रोडवर फुलवाल्या मावशींनी शेवंती मोजून वेणीसाठी दोरा काढला. "देवीला ना?"

"नको मावशी, कुंडीच द्या. एका आजीबाईंच्या आईला द्यायचीय."

"द्या की. आईबी देवीच."

दफनभूमीतल्या माणसाने काही न विचारता आत सोडलं. कडेच्या रांगेत पोलिश कबरी होत्या, काही नीट, काही झिजलेल्या. मी एकेक नाव वाचत गेले. जी नावं महिन्याभरापूर्वी मला नुसती वेडीवाकडी अक्षरं वाटली असती, ती आता तोंडात बऱ्यापैकी बसत होती. आडनावाचा अर्धा भाग पुसला गेला होता, पण स्टेफानिया स्पष्ट होतं, आणि पुढे व्रू. मी बोट ठेवून पूर्ण नाव मोठ्याने म्हटलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. घरात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलत नाही.

दगड पुसला, कुंडी ठेवली, पणती लावली. मग व्हिडिओ कॉल केला. बुओना व्हिस्टाच्या त्या स्वयंपाकघरात हालिना आजी टेबलाशी बसल्या होत्या. मी फोन वळवून त्यांना सगळं दाखवलं: दगड, अक्षरं, फुलं, मागचं मोठं झाड. त्या पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या.

मग त्यांनी विचारलं, "तिथे ऊन पडतं?"

"पडतं."

"सैबेरियात आई म्हणायची, एकदा पाठीवर ऊन मिळू दे, मग देवाकडे काही मागणार नाही. कोल्हापुरात रोज दुपारी दारात पाठ शेकत बसायची." त्या थांबल्या. "फुलं सावलीत आहेत, मुली."

खरंच, कुंडी झाडाच्या सावलीत होती. मी फोन आईच्या हातात दिला, वाकले, आणि कुंडी हातभर सरकवून उन्हात ठेवली.